कोकणातील अनोळखी शेजारी

सिंधुदुर्ग जिल्ह्याची भूमी अरुंद आहे. आंबोलीचा घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आणि तेथून घाट उतरून सावंतवाडी गाठावयास अंतर अवघे तीस किलोमीटर. पुढे वेंगुर्ल्याच्या वाटेने निघाले की प्रथम काजूच्या बागा, मग माड-पोफळी, मग खाडीकाठची कांदळवने आणि अखेरीस समुद्र. सकाळी धुक्यात गुरफटलेल्या सदाहरित जंगलात असलेला प्रवासी दुपारच्या आत वाळूवर उभा राहू शकतो. एवढ्या थोड्या अंतरात डोंगर, सडा, व्हाळ, बागायत आणि खाडी अशी पाच निराळी घरे निसर्गाने मांडली आहेत आणि प्रत्येक घरात त्याचे त्याचे लहानमोठे रहिवासी आहेत.

या भागात येणारे बहुसंख्य प्रवासी धबधबा पाहतात, मंदिर पाहतात, किनारा पाहतात आणि परततात. वाघ-बिबट्याची चौकशी पुष्कळ जण करतात. परंतु मांजराएवढ्या, खारीएवढ्या किंवा सशाएवढ्या ज्या वन्य प्राण्यांनी हा मुलूख खऱ्या अर्थाने वसविला आहे, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बँकेच्या सेवेतील काही वर्षे या जिल्ह्यात घालविण्याचा योग मला आला आणि निवृत्तीनंतरही मी तेथे वरचेवर जातो. आपल्या समाजाची अनेक कुटुंबे कापड, किराणा, सराफी आणि सुपारी-काजूच्या व्यापारानिमित्त कोकणात स्थायिक आहेत. पुण्या-कोल्हापूरकडील अनेक कुटुंबे सुट्टीत तिकडे जातात. या सर्वांस उपयोगी पडेल अशा हेतूने ही थोडी ओळख करून देत आहे.

ही ओळख का आवश्यक आहे, याचे एक उदाहरण सांगतो. कर्जखात्याच्या नियमानुसार व्यापाऱ्यांच्या गोदामातील माल तपासण्याचे काम आम्हा अधिकाऱ्यांकडे असे. अशाच एका तपासणीसाठी मी सुपारी आणि कोकमाचा व्यापार करणाऱ्या एका वृद्ध शेठजींच्या कौलारू गोदामात गेलो होतो. गेले काही दिवस रात्री माळ्यावर कोणी तरी चालते, मधूनच किंचाळते, अशी तक्रार होती. कोणी भुताटकी म्हणे, कोणी बिबट्याचे पिल्लू म्हणे. मिरच्यांची धुरी देऊन जे काही असेल ते बाहेर काढावे असे ठरले होते आणि शेगडीही तयार होती. तेवढ्यात एका म्हाताऱ्या हमालाने भिंतीच्या माथ्यावर पडलेली विष्ठा काडीने उलगडून पाहिली. तिच्यात भेरली माडाच्या अखंड बिया होत्या. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, ह्यां कांडेचोराचां काम. पिल्लां असतली माळयार."

शेठजींनी शेगडी विझविण्यास सांगितले. वर पाहिले तेव्हा जुन्या बारदानावर खरोखरच तीन पिल्ले होती. पुढे पिल्ले मोठी होऊन आईबरोबर निघून गेली, तेव्हा गवंड्याला बोलावून कौलांखालची फट बंद करण्यात आली. मालाचे नुकसान काहीच झाले नाही. धुरी दिली असती तर आई कदाचित निसटली असती, पिल्ले मात्र गुदमरून गेली असती. त्या दिवशी गोदामात दया सर्वांच्याच मनात होती. धुरीची तयारी करणाऱ्यांच्याही मनात होती. तिला दिशा मिळाली ती एका माणसाच्या अचूक ओळखीमुळे.

ओळख पटविण्याची रीत

बँकेत सही जुळविताना केवळ पहिले अक्षर पाहून भागत नाही. वळण, उतार, शेवटचा फाटा असे सर्व एकत्र पाहावे लागते. प्राण्यांचेही तसेच आहे. रात्री दिव्याच्या उजेडात रंग फसवा असतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. चार गोष्टी पाहाव्यात : शेपटी कशी आहे, तोंडावर कोणत्या खुणा आहेत, प्राणी जमिनीवर आहे की झाडावर, आणि वेळ दिवसाची आहे की रात्रीची. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोकणातील बहुतेक लहान प्राण्यांची नावे निश्चित करता येतात.

मराठी नावांनी मात्र थोडा घोटाळा केला आहे. उदमांजर, जवादी मांजर, खवले मांजर, पाणमांजर, रानमांजर अशी पाच 'मांजरे' आपल्या भाषेत आहेत. त्यांपैकी खऱ्या अर्थाने मांजराच्या कुळातील एकच, रानमांजर. उरलेल्यांचे कुळ, आहार, स्वभाव सारेच निराळे आहे. म्हणून नाव ऐकल्यावर 'कोणते मांजर' हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

घर आणि बाजारपेठ

उदमांजर म्हणजेच कोकणातील कांडेचोर. अंग काळसर करडे, केस राठ, पाठीवर अस्पष्ट रेषा. डोळ्यांभोवती मुखवटा घातल्यासारखा काळा भाग आणि त्याखाली फिकट ठिपका. शेपटी जवळजवळ शरीराइतकी लांब, आणि तिच्यावर वलये नसतात. ही शेपटीची खूण पक्की ध्यानात ठेवावी. हा प्राणी उत्तम चढतो, दिवसा ढोलीत किंवा माळ्यावर झोपतो आणि रात्री फळे, किडे, उंदीर खातो. माडावर बांधलेल्या मडक्यांतील ताजी माडी पिण्याची त्याची खोडही प्रसिद्ध आहे. त्याने खाल्लेल्या फळांच्या बिया पोटातून अखंड बाहेर पडतात आणि दूरवर रुजतात. भेरली माडासारख्या कित्येक झाडांची पेरणी तो न बोलता करीत असतो.

दुकानदारांचा ज्याच्याशी रोजचा संबंध येतो तो दुसरा जीव म्हणजे चिचुंद्री. तिला उंदीर समजून मारणारे घरोघरी आढळतात. वास्तविक ती उंदराच्या गणातील नव्हेच. तिचे तोंड लांब व निमुळते, डोळे मोहरीएवढे, शेपटी बुडाशी जाड व तिच्यावर विरळ लांब केस, आणि अंगाला उग्र दर्प. उंदराला पुढे सतत वाढणारे कुरतडण्याचे दात असतात. चिचुंद्रीचे दात बारीक व टोकदार असतात, कारण तिचे मुख्य अन्न झुरळे, किडे, गांडुळे हे आहे. ती पोती कुरतडून धान्य फस्त करीत नाही. आईमागे पिल्लांची रांग निघते तेव्हा प्रत्येक पिल्लू पुढच्याला तोंडाने धरून चालते. हे दृश्य एकदा पाहिले की तिच्याविषयीची किळस पुष्कळशी ओसरते. बाजारात मिळणाऱ्या चिकट पाट्या उंदीर आणि चिचुंद्री यांत भेद करीत नाहीत. पाली, पाखरे, चिचुंद्री सारे त्यावर चिकटून तासन्‌तास तडफडतात. गोदामात माल फळ्यांवर रचणे, दाराखालच्या फटी पत्र्याने बंद करणे आणि सांडलेले धान्य रोज उचलणे हा उपाय हिंसेविनाही होतो आणि अधिक टिकाऊही आहे.

बागायत आणि सडा

काजूच्या बागेत भरदिवसा लांबट शरीराचा, छोट्या पायांचा प्राणी सळसळत गेला तर तो मुंगूस. पण मुंगुसांतही भेद आहेत. गावाजवळ दिसणारे साधे मुंगूस राखट करड्या रंगाचे, आणि त्याच्या शेपटीचे टोक कधीही काळे नसते. शेपटीचे टोक काळे आणि ते वर उचललेले दिसले तर ते तांबूस मुंगूस समजावे. आणि घाटाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी तांबूस अंगाचे, थोराड, मानेच्या बाजूस कानापासून खांद्याकडे काळी पट्टी ओढलेले मुंगूस दिसले, तर ते पट्टेरी मानेचे मुंगूस. भारतातील मुंगुसांत आकाराने हे सर्वांत मोठे, आणि खेकडे हे त्याचे आवडते खाद्य.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर सड्यावरच्या पायवाटेने एखादा सडपातळ, ठिपकेदार प्राणी जमिनीलगत चालत गेला, तर ते बहुधा जवादी मांजर असते. पाठीवर लांब रेषा, कुशीवर ठिपक्यांच्या ओळी आणि शेपटीवर स्पष्ट काळी-पांढरी वलये. उदमांजराची शेपटी एकरंगी व मुक्काम झाडावर. जवादीची शेपटी वलयांकित व वावर जमिनीवर. या दोहोंची गल्लत एवढ्यावरून टळते. कोणी याला कस्तुरी मांजरही म्हणतात, परंतु कस्तुरीशी त्याचा संबंध नाही. कस्तुरी हिमालयातील कस्तुरीमृगाची.

साळिंदर हा भारतातील कुरतडणाऱ्या प्राण्यांत सर्वांत मोठा. त्याच्याविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे, की तो बाणासारखी साळी फेकून मारतो. तसे तो करीत नाही, करूही शकत नाही. धोका वाटला की तो साळी फुलवितो, शेपटीच्या पोकळ साळी खुळखुळवितो आणि मग पाठीमागे धाव घेतो. सैल झालेली साळी शत्रूच्या अंगात रुतून राहते, एवढेच. वाटेवर काळी-पांढरी साळी पडलेली दिसली तर रात्री तेथून साळिंदर गेले असे खुशाल समजावे.

खाडी आणि व्हाळ

खाडीकाठी पहाटे होडीवाल्याबरोबर गेल्यास पाणमांजरांचा, म्हणजे ऊदांचा, परिवार कधी कधी दृष्टीस पडतो. शेजारच्या गोव्यात मांडवीतील चोडण बेटाभोवतीच्या कांदळवनातही ती आहेत. पाण्यातून वर आलेले चपटे डोके, तुकतुकीत अंग, बोटांमध्ये पडदे आणि मुळाशी जाड होत गेलेली दणकट शेपटी या त्यांच्या खुणा. मुंगूस बहुधा एकटे किंवा जोडीने फिरते. ऊद कुटुंबाने राहतात, एकमेकांना शिट्टीसारखी साद घालतात. खडकावर ते ठराविक जागी विष्ठा करतात आणि तिच्यात माशांचे खवले व खेकड्यांचे तुकडे चमकतात. ज्या खाडीत ऊद टिकून आहेत, तेथील पाण्यात अजून मासे आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

घाटमाथ्याचे जंगल

आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोली ते दोडामार्ग या पट्ट्यातील जंगल सलग असल्यामुळे प्राण्यांना येण्याजाण्याची वाट मोकळी राहते. याच पट्ट्यातील तिलारी परिसरास २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला.

येथे मान वर करून चालावे. उंच फांद्यांच्या बेचक्यांत काटक्या-पानांचे गोल घरटे दिसले, तर ते शेकरूचे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. विटकरी-तांबूस पाठ, पिवळसर पांढरे पोट आणि शरीराहून लांब झुपकेदार शेपटी. एकदा पाहिल्यावर पुन्हा विसर पडत नाही. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणे ही त्याची जीवनावश्यक गरज आहे. मधली चार झाडे तुटली की त्याचा रस्ता बंद होतो. साध्या खारींतही पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या अंगणातील खारीच्या पाठीवर पाच फिकट पट्टे असतात, तर सह्याद्रीच्या जंगलातील गडद खारीच्या पाठीवर तीन.

रात्री याच झाडांवरून दुसरीकडे तरंगत जाणारी मोठी सावली दिसली तर ती उडणारी खार. ती पंख हलवीत नाही. पुढच्या व मागच्या पायांमधील कातडी ताणून उंच झाडावरून खालच्या झाडाकडे घसरत जाते. खऱ्या अर्थाने उडणारा सस्तन प्राणी एकच, वटवाघूळ.

जंगलाच्या तळाशी, पानगळीत, सशाएवढे हरीण दिसले तर कित्येक जण 'हरणाचे पाडस चुकले आहे' असे समजून ते उचलून आणतात. ती बहुधा पिसोरी असते. खांद्यापाशी उंची जेमतेम एक फूट, वजन तीन किलोच्या आसपास, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या व रेषांच्या ओळी. तिला शिंगे कधीच फुटत नाहीत. नराला त्याऐवजी छोटे सुळे असतात. ती पूर्ण वाढलेली असते, कोणापासून चुकलेली नसते. अत्यंत भित्री असल्याने माणसाच्या हाती लागली की भीतीनेच तिचा प्राण जाण्याची शक्यता असते. दयेने उचललेल्या हातांकडून हिंसा घडते ती अशी. वाघाटीसारख्या छोट्या रानमांजराची पिल्लेही अशीच 'बिबट्याचे बछडे' म्हणून उचलली जातात. पिल्लू एकटे दिसले तरी आई बहुधा जवळच भक्ष्य शोधावयास गेलेली असते. शांतपणे दूर व्हावे. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

व्यापाऱ्याने ओळखावयाच्या वस्तू

आपण व्यापारी समाजातील माणसे. प्राणी डोळ्यांनी न पाहताही त्यांच्या अंगची वस्तू आपल्या हातातून जाऊ शकते, याचे भान म्हणूनच अधिक हवे.

चित्रकलेच्या साहित्यात मुंगुसाच्या केसांचे ब्रश पूर्वी उघडपणे विकले जात. आज ते विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे. मुंगुसाच्या एकाच केसावर गडद आणि फिकट रंगांचे आडवे पट्टे असतात. कृत्रिम धाग्याला मुळापासून टोकापर्यंत सहसा एकच रंग असतो किंवा टोकच तेवढे रंगविलेले असते. स्टेशनरीचा माल घेताना हे तपासण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. सुगंधी द्रव्यांतील 'जवाद' ही जवादी मांजराच्या ग्रंथींतून निघणारी वस्तू. ती मिळविण्यासाठी प्राणी पिंजऱ्यात कोंडून त्यांच्या ग्रंथी खरवडल्या जात. अत्तर घेताना विचारपूस करण्यात संकोच बाळगू नये.

सर्वांत मोठा बळी मात्र खवले मांजराचा. हा प्राणी मांजर नव्हे, सरपटणाराही नव्हे. तो सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजतो आणि त्याला शेपटीच्या मुळाशी बसवून हिंडवितो. त्याच्या तोंडात एकही दात नाही. लांब चिकट जिभेने मुंग्या व वाळवी टिपणे एवढाच त्याचा उद्योग. धोका दिसताच तो अंगाचे वेटोळे करून खवल्यांचा गोळा होतो. वाघालाही तो गोळा सहजी उलगडत नाही. माणूस मात्र तो गोळा तसाच उचलून पोत्यात घालतो. स्वसंरक्षणाची युक्तीच येथे त्याच्या जिवावर उठते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही.

ज्या खवल्यांसाठी हे चालते ते केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. औषध म्हणून त्यांचे मूल्य कापलेल्या नखांहून अधिक नाही. अंगठीत किंवा ताईतात बसविण्यासाठी खवला घेऊन कोणी सराफाकडे आल्यास त्याने तो स्पष्ट नाकारावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे आणि गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास व किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. जगातील खवले मांजराच्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेतील निर्णयाने बंद झाला. कायद्याचा धाक आहेच. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून जे काम चालविले आहे, ते मला अधिक आश्वासक वाटते. आपल्या गावच्या हद्दीत हा प्राणी आहे हे गावाला कळणे, त्याचे नाव मुलांच्या तोंडी येणे, यानेच शिकाऱ्याची वाट अडते.

पाहण्याची रीत

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांना कोकणात एक सोय आपसूक लाभते. दिवेलागणीनंतरचा जो तास इतरांचा स्वयंपाकात व जेवणात जातो, तो आपला मोकळा असतो, आणि निशाचरांच्या बाहेर पडण्याची हीच वेळ. पडवीत दिवा मालवून, न बोलता अर्धा तास बसावे. फणस पिकला असेल तर कांडेचोर हमखास येतो. वाटेने चालावयाचे असेल तर स्थानिक माणूस बरोबर घ्यावा, विजेरी जमिनीकडे रोखून पावलापुढची जागा पाहत चालावे. ईर्यासमितीचा अर्थ पावसाळ्यातील आंबोलीत, जेथे प्रत्येक पावलाखाली बेडूक व खेकडे असतात, तेथे जितका स्पष्ट होतो तितका इतरत्र क्वचितच होत असेल. प्राण्याच्या डोळ्यांवर प्रखर झोत धरू नये, खाद्य टाकू नये, छायाचित्रासाठी पाठलाग करू नये. घाटात रात्री मोटार सावकाश चालवावी, कारण रस्ता ओलांडताना चिरडली जाणारी जवादी मांजरे व रानमांजरे कोणाच्याच मोजणीत येत नाहीत.

सकाळी उठल्यावर मुलांना घेऊन रात्रीच्या खुणा शोधाव्यात. भिंतीवरील बिया, वाटेवरची साळी, चिखलातील पाच बोटांचा ठसा, अर्धवट खाल्लेला रतांबा. एका लहान वहीत तारीख, जागा, वेळ आणि खूण लिहून ठेवावी. एकदा ज्या मुलाने उदमांजर आणि जवादी यांच्या शेपटीतील फरक स्वतः टिपला, ते मूल पुढे माळ्यावर आवाज आला की काठी शोधणार नाही. आधी 'कोण आहे' असे विचारील. एवढे घडले तरी त्या माळ्यावरील पिल्लांना मोठे होण्यापुरता अवधी मिळतो.